सरीतले शेवाळ आणि खाचरातले शेवाळ



लागणीच्या सरीत निळसर-हिरवा थर दिसला की "साहेब, रान कसाला आलं बघा" असे सांगणारे सभासद आम्हांस प्रत्येक गटात भेटतात. आता तर निळ्या-हिरव्या शेवाळाच्या पुड्या उसासाठी म्हणून बांधावर येऊन खपवल्या जात आहेत, आणि कारखान्याने त्या उधारीवर द्याव्यात अशी मागणीही कानावर येते. आमचे मत स्पष्ट आहे. हे शेवाळ भाताला जरूर द्यावे, उसासाठी त्यावर एक रुपयाही घालवू नये.

शेवाळ वाईट म्हणून आम्ही हे म्हणत नाही. भातखाचरात नत्र साठण्यामागे हे निळे-हिरवे शेवाळ आहे, हे पी. के. डे या आपल्याच शास्त्रज्ञाने १९३९ साली दाखवून दिले. शास्त्रज्ञ त्याला आता जिवाणूंत धरतात. आपण आपले शेवाळच म्हणू. माळेतल्या मण्यांसारख्या याच्या पेशी असतात आणि नॉस्टॉक, ॲनाबिना या जातींत मध्येच एखादा मणी जाड कवचाचा. हवेतला नत्र धरण्याचे काम त्या मण्यात चालते, कारण प्राणवायू लागला की ते काम बंद पडते, आणि कवच प्राणवायूला अडवते. यात नर-मादी भानगड नाही. माळ तुटली की तुकड्याची नवी माळ. पाणी आटू लागले की काही पेशी अन्न साठवून टणक होतात, कोरड्या मातीत उन्हाळा काढतात आणि पाणी साचले की पुन्हा फुटतात. म्हणूनच ते वाळवून पुडीत भरता येते.

विहिरीतले केसासारखे हिरवे शेवाळ ते हे नव्हे, बरं का! ते बहुधा स्पायरोगायरा. त्याचे मात्र लग्न लागते. दोन धागे शेजारी येतात, मध्ये नळी जुळते, एकातला जीवरस दुसऱ्यात जातो आणि जाड सालीचे बीज तयार होते. पण ते नत्र धरीत नाही.

निळ्या-हिरव्याला साचलेले पाणी हवे आणि ऊन हवे. भातात दोन्ही मिळते, म्हणून तिथे हंगामात हेक्टरी २० ते ३० किलो नत्र मिळते असे धरतात. उसात काय होते? ऊस दाटला की सरीत ऊन पोचत नाही. आणि पाणी साचू द्यावे तर मुळ्या गुदमरतात. सुरू उसाला हेक्टरी २५० किलो नत्राची शिफारस आहे. तिथे पुडीने काय भागणार? उसासाठी जिवाणूच हवा असेल तर ॲसिटोबॅक्टरची बेणेप्रक्रिया करावी. तो १९८८ साली ब्राझीलमध्ये उसातच सापडला, उसाच्या आतच राहतो, त्याला सरीत पाणी साचवावे लागत नाही.

तेव्हा सरीतला हिरवा थर म्हणजे कस नव्हे, पाणी जिरत नसल्याची खूण. दोन पाण्यांतले अंतर वाढवा, बांधाकडेचा चर उकरा. कुणी मोरचूद टाकतात; त्याने शेवाळ मरते, पाणी तिथेच राहते. अशाच रानांत पुढे पांढरफुटी दिसू लागते. चोपणाला जिप्सम घालावे लागते आणि आधी निचरा काढावा लागतो. पुडीचे पैसे त्या चराला लावा.

राधानगरी, पन्हाळा, शाहूवाडीकडे ज्यांचे भातही आहे त्यांनी मात्र हे शेवाळ घरीच करावे, विकत घेऊ नये. दोन मीटर लांब, एक मीटर रुंद, वीतभर खोल खड्डा, त्यात प्लास्टिक कागद. आठ-दहा किलो चाळलेली माती, २०० ग्रॅम सुपर फॉस्फेट, वर चार बोटे पाणी. निवळले की मूळ बियाणे भुरभुरावे. उन्हाळ्यात पंधरवड्यात जाड साय धरते. पाणी आटू द्यावे, पापुद्रे वाळवून ठेवावेत. रोप लावल्यावर आठवड्याने एकरी चार किलो खाचरात फेकावे आणि पाणी तुटू देऊ नये. मूळ बियाण्यासाठी गट ऑफिसात एप्रिलपूर्वी नाव नोंदवावे.