‘टिंग’ वाजलं म्हणजे समजलं का?

पाचवीला चंद्रकला शिकवण्यासाठी मी पॉवरपॉइंटमध्ये एक खेळ बनवला होता. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय, बरोबर उत्तराला ‘टिंग’ आणि हिरवी खूण. मुलं खूश, मीही खूश. पण मागे उभा राहून पाहिलं तर मुलं प्रश्न वाचतच नव्हती. टिंग वाजेपर्यंत एकेक पर्याय दाबत होती! दुसऱ्या दिवशी विचारलं, “अष्टमीला चंद्र अर्धा का दिसतो?” बहुतेक वर्ग म्हणाला, “सर, पृथ्वीची सावली पडते म्हणून.”

तेव्हापासून माझं मत पक्कं झालं. बटण दाबता आलं म्हणून साहित्य आंतरक्रियात्मक होत नाही. त्यात मुलाचा स्वतःचा अंदाज उतरला पाहिजे आणि तो चुकला तर का चुकला, हे त्याला दिसलं पाहिजे.

मग मी खेळ बदलला. आधी वहीत अंदाज आणि कारण लिहायचं, नंतरच बटण. ‘पृथ्वीची सावली’ हा पर्याय मुद्दाम ठेवला. तो निवडला की ‘चूक’ असं न येता अष्टमीचं चित्र येतं. पृथ्वीची सावली सूर्याच्या विरुद्ध बाजूला आणि चंद्र भलतीकडेच, काटकोनात. मुलंच म्हणाली, “अरे, सावली तर तिथं पोचतच नाही!” पौर्णिमेचं चित्र आलं तेव्हा एक मुलगी म्हणाली, “सर, मग दर पौर्णिमेला ग्रहण का नाही लागत?” त्यासाठी चंद्राची सुमारे 5 अंश कललेली कक्षा दाखवणारी नवी स्लाइड मला करावी लागली. हा प्रश्न त्या टिंगमधून कधीच आला नसता.

पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडमागे आणि दीक्षा ॲपवर व्हिडिओ आहेत, ते जरूर वापरावेत. पण व्हिडिओ पाहताना मूल बहुधा गप्प बसतं. त्याला बोलतं करणारं साहित्य आपल्यालाच बनवावं लागेल, कारण आपल्या वर्गातल्या चुकीच्या समजुती आपल्यालाच माहीत असतात. पॉवरपॉइंटच्या हायपरलिंकवर हे जमतं, इंटरनेटही लागत नाही.

मात्र सगळंच पडद्यावर नको. तरंगणं-बुडणं शिकवायला बादलीभर पाणी पुरतं. सालीसकट संत्रं तरंगतं, तेच सोललं की बहुतेक वेळा बुडतं. हे मुलांनी हातानंच करावं. जे वर्गात आणता येत नाही, त्याच्यासाठी पडदा.

पुढचा खेळ बनवताना आवाज आणि ॲनिमेशन नंतर शोधा. आधी मुलांची चुकीची उत्तरं लिहून घ्या.