दोन हजार ही मदत की उचल? यादी गावात, शेतकरी डिंडोलीत

डिंडोली (सुरत) : सोमवारी ९ ऑगस्ट २०२१ ला पीएम-किसानचा नववा हप्ता सुटला. ९.७५ कोटी शेतकरी कुटुंबांना १९,५०० कोटी रुपये. त्याच आठवड्यात आमच्या ओळखीचे एक भाऊ वसुलीची नोटीस घेऊन आले. शिंदखेडा तालुक्यात अडीच एकर कोरडवाहू, इथे लूमच्या कारखान्यात मुकादम. सात हप्ते घेतले, १४ हजार परत भरा म्हणतात.

"पैसे तर सरकारनेच टाकले ना? लॉकडाऊनची मदत म्हणून टाकले," भाऊ म्हणाले.

इथूनच घोटाळा सुरू होतो. २६ मार्च २०२० ला अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी १.७० लाख कोटींचे गरीब कल्याण पॅकेज जाहीर केले. त्यात ८.७ कोटी शेतकऱ्यांना एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दोन हजार. पण ते वर्षाच्या सहा हजारांतलेच होते, फक्त लवकर दिले. आपल्या कारखान्याच्या भाषेत ही उचल, बोनस नव्हे. हातात वेळेवर पडले, उपयोगही झाला; पण कोरोनासाठी म्हणून शेतकऱ्याच्या खात्यात या योजनेतून जादा रुपया आला नाही. हिशेब लिहिणाऱ्याने दोन्ही एकाच रकान्यात मांडले, तर शेठ त्याला घरी पाठवेल.

आता अपात्रतेचे. जानेवारी २०२१ मध्ये माहिती अधिकारातून व्यंकटेश नायक यांनी आकडे बाहेर काढले : २०.४८ लाख अपात्रांना १,३६४ कोटी गेले, त्यात निम्म्याहून जास्त आयकर भरणारे. जुलै २०२१ मध्ये तत्कालीन कृषिमंत्री तोमर यांनी संसदेत सांगितलेला आकडा ४२ लाखांच्या वर, रक्कम सुमारे ३ हजार कोटी. तेव्हा महाराष्ट्रातून वसूल करायचे होते ३५८ कोटी, गुजरातमधून २२० कोटी. सहा महिन्यांत आकडा दुप्पट झाला. म्हणजे छाननी आधी नव्हे, पैसे वाटून झाल्यावर झाली. तामिळनाडूत तर २०२० मध्ये अधिकाऱ्यांचे लॉगिन वापरून बोगस नावे घुसवली गेली. तो उघड गुन्हा. आमच्या भाऊंचे तसे नाही.

नियम सांगतो, मागील निर्धारण वर्षात आयकर भरला असेल तर अपात्र. नुसते रिटर्न भरले आणि कर शून्य, तर अपात्र नाही. डिंडोली-उधना-लिंबायतमध्ये घराच्या कर्जासाठी बँक रिटर्न मागते म्हणून कित्येकजण रिटर्न भरतात. भाऊंना एकाच वर्षी थोडा कर बसला होता. मग सातही हप्ते का परत? कोणत्या वर्षाचा कर, त्यावरून कोणते हप्ते चुकीचे, यातले नोटिशीत काहीच नाही. नुसती एकूण रक्कम. बी.कॉम. झालेल्या माणसालाही त्यातून ताळा लागत नाही.

योजनेच्या नियमांत लाभार्थ्यांची यादी ग्रामपंचायतीत लावायची आहे. माहिती अधिकार कायद्याचे कलम ४ तर अनुदानाच्या लाभार्थ्यांचा तपशील न मागता जाहीर करा म्हणते. पोर्टलवर गावनिहाय यादी दिसतेही. पण नाव का गळाले, वसुली कशाची, हे त्या यादीत कुठे आहे? आणि पंचायतीच्या फळ्यावर लावलेला कागद जळगाव-धुळे-नंदुरबारचा माणूस डिंडोलीतून वाचणार कसा? दाद मागायची तर जिल्हा तक्रार समिती आहे, दोन आठवड्यांत निकाल द्यावा असे नियमात लिहिले आहे. पण ती समिती जमीन जिथे आहे तिथली. ताप्ती लाईनने जायचे, दोन दिवसांची हजेरी बुडवायची.

ज्यांच्याकडे अशी नोटीस आली आहे त्यांनी पैसे भरण्याआधी २०१८ पासूनच्या रिटर्नच्या पावत्या आणि बँकेचे पासबुक समोर ठेवून वर्षवार जुळवावे, आणि तहसील कार्यालयाकडे हप्तानिहाय खुलासा लेखी मागावा. भाऊंचा अर्ज आम्ही काल इथेच बसून लिहिला. शनिवारी ते गावाला जाणार आहेत.