काळा कोट न घालणारे वकील



निकालाचे दिवस आले की आमच्या कार्यालयात पेढ्यांचे पुडे येतात. गेल्या जूनमध्ये मात्र एक माता रिकाम्या हातांनी आणि भरल्या डोळ्यांनी आल्या. त्यांची कन्या आपल्याच शाळेची. तिने हुबळीत कायद्याची पदवी घेतली, धारवाडच्या उच्च न्यायालयात एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली चार वर्षे काम केले आणि आता पुण्याकडच्या एका कारखान्यात तिला विधी अधिकारी म्हणून नोकरी लागली. खरे तर आनंदाची गोष्ट. पण कोणीतरी आईच्या कानावर घातले की मुलीची सनद ‘सस्पेंड’ झाली. त्या म्हणाल्या, “सर, आमच्या घरातली पहिली वकील ती. काळ्या कोटातला तिचा फोटो देवघराशेजारी लावलाय. काय चुकलं हो तिचं?”

तिचे काहीच चुकले नव्हते. उलट तिने नियम पाळला होता. बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियमच असा आहे की, जो वकील कोणाकडे पूर्णवेळ पगारी नोकरी धरतो त्याने तसे आपल्या राज्याच्या बार कौन्सिलला कळवावे आणि नोकरीत असेपर्यंत वकिली करू नये. नोकरी सोडली की अर्ज करून सनद पुन्हा सुरू करता येते. ही शिक्षा नव्हे. हे ऐकून बाईंना थोडे हायसे वाटले. पण जाता जाता त्यांनी विचारले, “मग सर, आता ती वकील आहे की नाही?” त्याचे नीट उत्तर आम्हाला त्या दिवशी देता आले नाही, म्हणून आजचे हे मनोगत.

आपल्याकडे वकील म्हटला की कोर्टच डोळ्यांपुढे येते. त्यात नवल नाही. पुढे १९६४ मध्ये भारताचे सरन्यायाधीश झालेले न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर आपल्या धारवाडच्या कर्नाटक कॉलेजात शिकले, हे जुनी मंडळी आजही अभिमानाने सांगतात. २००८ च्या जुलैत धारवाडला उच्च न्यायालयाचे फिरते पीठ आले आणि २०१३ मध्ये ते कायम झाले. २००९ मध्ये हुबळीच्या नवनगरात राज्याचे विधी विद्यापीठ सुरू झाले. दारातच गंगा आल्यावर आपली मुले कायद्याकडे वळणारच. पण कायदा शिकलेल्या माणसाला कोर्टाबाहेरही मोठे काम असते, हे अजून आपल्या घराघरांत पोचलेले नाही.

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ असे आपले वाडवडील सांगत आले. कंपनीतल्या वकिलाचे काम नेमके हेच. कोर्टातल्या वकिलाला भांडण झाल्यावर बोलावतात, कंपनीतल्या वकिलाने भांडण होण्याआधीच कागद पाहायचा असतो.

आपल्या गावचेच उदाहरण घेऊ. ‘टाटा मार्कोपोलो’ अशी अक्षरे असलेली बस आपण सर्वांनी पाहिली आहे. २००६ मध्ये टाटा मोटर्स आणि ब्राझीलची मार्कोपोलो या दोन कंपन्यांनी ५१ आणि ४९ टक्के अशी भागीदारी केली आणि बस बांधण्याचा कारखाना धारवाडला उभा राहिला. २०२० च्या डिसेंबरात टाटांनी भागीदाराचा ४९ टक्के वाटा सुमारे १०० कोटी रुपयांना घेण्याचे ठरवले. आता विचार करा. भागीदार गेला, पण बसवरच्या नावाचे काय? ते नाव आणखी किमान तीन वर्षे वापरता येईल आणि तेवढा काळ मार्कोपोलो भारतात स्पर्धेला उतरणार नाही, असे ठरले. दोन देशांतले दोन भागीदार सलोख्याने वेगळे झाले. असे कलम कोणीतरी सुचवतो, कोणीतरी लिहितो, कोणीतरी दहा वेळा वाचतो. कंपन्या त्यासाठी बाहेरचे नामांकित सल्लागार नेमतात हे खरे. पण आपल्या कंपनीला काय हवे, काय नको, हे त्यांना सांगणारा माणूस घरचाच लागतो.

एवढे लांब कशाला, आमचीच फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी शाळेच्या संगणक कक्षाच्या देखभालीसाठी आम्ही एका पुरवठादाराशी करार केला. मजकूर इंग्रजी, अक्षरे बारीक. आमची पदवी हिंदी माध्यमातली. इंग्रजी कागद वाचायचा आम्हाला तेव्हाही कंटाळा होता, हे कबूल करतो. मुदत संपली असे समजून आम्ही पैसे थांबवले, तर नोटीस आली. मुदतीपूर्वी लेखी कळवले नाही तर करार आपोआप एक वर्ष वाढेल, असे कलम त्यात होते आणि खाली सही आमची होती. वर्षाचे पैसे मुकाट्याने भरावे लागले. एका माजी विद्यार्थ्याने, जो बँकेत विधी अधिकारी आहे, तो कागद पाहून एवढेच म्हटले, “सर, सही करायच्या आधी दाखवला असता तर दहा मिनिटांचं काम होतं.” त्या दहा मिनिटांचीच किंमत कंपन्या पगाराच्या रूपाने देतात.

१९९१ नंतर कारखाने, बँका, संगणक कंपन्या वाढल्या तसे हे काम वाढत गेले. करारांबरोबर कामगारांचे कायदे आले, जमिनीचे कागद आले, महिला कर्मचाऱ्यांच्या तक्रारींचा २०१३ चा कायदा आला. २०२५ च्या नोव्हेंबरात २९ जुन्या कामगार कायद्यांच्या जागी चार संहिता लागू झाल्या. हे सारे वाचून साहेबांना सोप्या शब्दांत सांगणारा माणूस प्रत्येक कंपनीला हवा असतो.

आता या वाटेची किंमतही सांगितली पाहिजे, कारण ती कोणी आधी सांगत नाही. सनद बंद असताना केलेली नोकरीची वर्षे वकिलीची म्हणून धरली जात नाहीत. वकिलीतून थेट जिल्हा न्यायाधीश होण्यासाठी राज्यघटनेने सात वर्षांची अट घातली आहे. २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीशाच्या पहिल्या पायरीसाठीही तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. दुसरी गोष्ट अशी की, अशील आपल्या वकिलाला जे विश्वासाने सांगतो ते वकिलाकडून वदवून घेता येत नाही. पण कंपनीच्या पगारी वकिलाला मालकाशी झालेल्या बोलण्याबाबत ते संरक्षण नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या ऑक्टोबरात दिला.

तिसरी गोष्ट आम्हाला सर्वांत मोठी वाटते. ज्याचे मीठ खायचे त्यालाच ‘साहेब, हे करू नका’ असे सांगण्याची वेळ या नोकरीत वारंवार येते. कोर्टातला वकील एक अशील गेला तर दुसऱ्याचे काम करतो. कंपनीतल्या वकिलाला अशील एकच, आणि तोच महिन्याच्या एक तारखेला पगार देतो. तिथे हो ला हो मिळवणारा वकील असून नसल्यासारखा.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. कंपनीत जरूर जावे, पण पदवीनंतर लगेच जाऊ नये. आधी तीन ते पाच वर्षे हुबळीच्या किंवा धारवाडच्या कोर्टात उमेदवारी करावी. एका ढिल्या वाक्यामुळे पक्षकाराची दहा-दहा वर्षे कशी जातात, साक्षीदार उलटतपासणीत कसा अडखळतो, तारखेवर तारीख कशी पडते, हे डोळ्यांनी पाहिलेला माणूसच पुढे करार जपून लिहितो. आणि ज्याला कोर्टाची वाट परिचयाची आहे, त्याला नोकरी गेली तरी उपाशी राहण्याची भीती नसते. म्हणून तोच मालकापुढे ठामपणे ‘नाही’ म्हणू शकतो.

यावर काही पालक म्हणतील, “सर, बोलायला सोपं आहे. ज्युनिअर वकिलाला हाती काय पडतं? आम्हाला घर चालवायचं आहे.” हा आक्षेप खरा आहे आणि आम्ही तो झटकून टाकत नाही. २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने शहरात दरमहा २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये विद्यावेतन द्यावे असे सुचवले, पण ती शिफारस आहे, सक्ती नाही. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सनदेचे शुल्क सर्वसाधारण गटासाठी ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपयांपेक्षा जास्त घेऊ नये असे ठरवले, हा दिलासा मात्र मोठा आहे. तरीही पहिली दोन वर्षे ओढाताणीची जातात. यासाठी विश्वस्त मंडळापुढे आम्ही एक सूचना ठेवत आहोत. माजी विद्यार्थी निधीतून दरवर्षी निदान एका होतकरू नव्या वकिलाला पहिली दोन वर्षे पुस्तकांसाठी आणि प्रवासासाठी मदत मिळावी. मोबदल्यात त्याने शाळेचे करार सहीपूर्वी वाचून द्यावेत. आमच्यासारख्यांच्या सह्यांनी होणारे नुकसान वाचले तरी निधी भरून निघेल!

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्याजवळ एक भांडवल आहे, त्याची तुम्हाला कल्पना नाही. तुम्ही घरी मराठी बोलता, रस्त्यावर कन्नड बोलता आणि वर्गात इंग्रजी व हिंदी शिकता. इथल्या जमिनीची पहाणी कन्नडमध्ये असते, महाराष्ट्रातला सातबारा मराठीत, करार इंग्रजीत. हे तिन्ही कागद एकाच बैठकीत वाचू शकणारा माणूस मिळवायला दोन्ही राज्यांत काम करणाऱ्या कंपनीला किती शोधावे लागते! कन्नडचा तास टाळणाऱ्यांनी याचा विचार करावा. इंग्रजीला घाबरणाऱ्यांनी आमची फजिती आठवावी.

बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा अभ्यासक्रम, हे दोन्ही मार्ग खुले आहेत. राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट ही प्रवेश परीक्षा असते. ती जमली नाही तरी हुबळी, धारवाड, बेळगाव येथे चांगली विधी महाविद्यालये आहेत. पदवीनंतर सनद घ्यावी आणि अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण व्हावे. सरकारी बँकांतील विधी अधिकारी पदासाठीसुद्धा सनद लागते, म्हणून ‘नोकरीच करायची तर सनद कशाला’ असे कोणी म्हणू नये.

आता त्या माउलीच्या प्रश्नाचे राहिलेले उत्तर. होय बाई, तुमची लेक वकीलच आहे. तिची सनद विसाव्याला ठेवली आहे, तिचे ज्ञान नाही. भांडणे लढवण्याऐवजी ती आता भांडणे टाळते, एवढाच फरक. देवघराशेजारचा फोटो काढू नका. आणि पेढे राहिले आहेत, ते मात्र घेऊन या.