छातीतला प्रत्येक डाग टीबीचा नसतो

माझ्या खालांनी नऊ महिने टीबीच्या गोळ्या खाल्ल्या. थुंकीत जंतू एकदाही सापडले नव्हते. एक्स-रेवर डाग दिसला, एवढ्यावरच औषध सुरू झाले. घरात त्यांचा पेला वेगळा झाला, मुलीचे ठरत आलेले स्थळ मोडले. पंधरा वर्षांपासून त्यांना दमा आहे, खोकल्यातून तपकिरी गुठळ्या पडतात, हे कुणी नीट विचारलेच नाही.

शेवटी रक्तातले आयजीई तपासले, ते भरमसाट निघाले. अ‍ॅस्परजिलस बुरशीची अ‍ॅलर्जी, म्हणजे एबीपीए. इंग्लंडमध्ये १९५२ साली नोंदला गेलेला हा आजार दमेकऱ्यांना गाठतो, पण एकाचा दुसऱ्याला लागत नाही. म्हणजे पेला वेगळा करायची गरजच नव्हती! बुरशी कुजक्या पाल्यात, ओलसर भिंतींवर वाढते. २०१९ च्या महापुरानंतर आपल्या कुरुंदवाडात अशा भिंती किती होत्या, आठवा.

आपल्याकडे टीबी एवढा आहे की डॉक्टरांना आधी तोच आठवणार. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण सीबीनॅट निगेटिव्ह, गोळ्यांनी फरक नाही, तरी पुन्हा त्याच गोळ्या? घरात जुना दमेकरी असेल तर छातीच्या डॉक्टरांना आयजीईबद्दल जरूर विचारा. सुरू असलेल्या गोळ्या मात्र मनाने बंद करू नका. खरोखर टीबी असेल तर ते महागात पडेल.