युवा महोत्सव झाला, पुढे काय?

संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ 1983 साली स्थापन झाले. पाच जिल्ह्यांच्या या विद्यापीठाचा युवा महोत्सव चार दिवस गाजतो, पण साखरखेर्ड्यासारख्या गावांतल्या मुलांना वर्षभर तालमीला जागा आणि शिकवणारा माणूस लागतो. स्पर्धेत लोकनृत्याच्या वाट्याला जेमतेम दहा मिनिटे येतात. पण त्या दहा मिनिटांमागे मोठी तयारी असते; साथीच्या पखवाजावर हात बसायलाच वर्षे जातात. एवढा वेळ तालमीत गेला तर अभ्यास बुडेल, ही पालकांची धास्ती समजण्यासारखी आहे. मात्र नव्या शैक्षणिक धोरणात सांस्कृतिक उपक्रमांनाही श्रेयांक आहेत. त्यामुळे तालीम हाही अभ्यासच ठरतो. शिकवणारी माणसेही जवळच आहेत: गावोगावी भजनी मंडळे आहेत, भारुडे जाणणारी जुनी मंडळी आहेत. महाविद्यालयांनी त्यांना मानधन देऊन आठवड्यातून दोन संध्याकाळी वर्गात बोलवावे. विद्यापीठाने त्यासाठी अंदाजपत्रकात वेगळी तरतूद करावी.