टेबलावरचा तिरंगा

कोणत्याही सरकारी कचेरीत शिरावे, अधिकाऱ्याच्या टेबलावर दौत-टाक असो वा नसो, एक लहानसा तिरंगा बहुधा असतोच. पितळी बैठकीवर, वीतभरही नसलेला असा तो उभा असतो. कामासाठी आलेल्या मनुष्याची दृष्टी प्रथम त्याच्यावर जाते आणि अधिकाऱ्याची दृष्टी मात्र वर्षानुवर्षे त्याच्यावर गेलेली नसते. म्हणूनच त्याचा केशरी रंग उडून पिवळसर झालेला असतो, कडेचे धागे सुटलेले असतात आणि मधले चक्र वर्तुळाकार न राहता अंड्यासारखे दिसते. ही बाब क्षुल्लक आहे, असे कोणी म्हणेल. आम्हांस ती तशी वाटत नाही, आणि का वाटत नाही ते आज आम्ही वाचकांपुढे मांडू इच्छितो.

प्रथम हे ध्यानी घ्यावे की, टेबलावरचा झेंडा ही शोभेची वस्तू नव्हे. भारतीय ध्वजसंहितेने राष्ट्रध्वजाची नऊ मापे ठरवून दिली आहेत. त्यांतील सर्वांत मोठा ध्वज ६३०० मिलिमीटर लांब व ४२०० मिलिमीटर रुंद, तर सर्वांत लहान १५० मिलिमीटर लांब व १०० मिलिमीटर रुंद असतो. हा नववा आणि धाकटा ध्वज खास टेबलासाठी आहे. थोरल्या ध्वजावरील चक्राचा व्यास १२९५ मिलिमीटर, तर धाकट्यावरील २५ मिलिमीटर. परंतु लांबी-रुंदीचे तीनास दोन हे प्रमाण दोहोंस एकच, चक्राचे चोवीस आरे दोहोंस तितकेच आणि मानही तेवढाच. आपल्या देशात वस्तूंची मानके ठरविण्यास आरंभ झाला तेव्हा ‘मानक क्रमांक १’ हा मान राष्ट्रध्वजास देण्यात आला. हा धाकटा ध्वजही त्याच मानकाने बांधलेला आहे.

आता या ध्वजाचा पूर्वेतिहास पाहा. १९०७ साली जर्मनीतील स्टुटगार्ट येथे मादाम कामांनी हिंदुस्थानचा म्हणून एक झेंडा जगापुढे फडकविला. १९२१ मध्ये बेझवाड्यास पिंगळी वेंकय्या यांनी गांधीजींपुढे आपला नमुना ठेवला. १९२३ साली नागपुरास सरकारने झेंडा मिरविण्यास मनाई केली, तेव्हा तो हाती घेऊन जाण्यासाठी देशाच्या कानाकोपऱ्यांतून स्वयंसेवक आले आणि शेकड्यांनी तुरुंगात गेले. १९३१ मध्ये केशरी, पांढरा व हिरवा हे रंग आणि मध्ये चरखा, असे रूप काँग्रेसने निश्चित केले. १९५५ च्या गोवा सत्याग्रहात सहोदराबाई राय यांना हाती तिरंगा असतानाच पोर्तुगीजांच्या गोळ्या लागल्या. त्याच वर्षी १५ ऑगस्टला पत्रादेवीच्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला आणि कित्येकांनी तेथेच प्राण ठेवले. आपल्या या भागात तिरंग्याची किंमत पुस्तकात वाचून कळलेली नाही.

परंतु आजच्या विषयाशी ज्याचा निकटचा संबंध आहे, तो प्रसंग २२ जुलै १९४७ चा. त्या दिवशी घटना समितीत पंडित नेहरूंनी राष्ट्रध्वजाचा ठराव मांडला. चरख्याच्या जागी नुसते चक्र का घेतले, याचे कारण त्यांनी सभेस सांगितले. चरख्याच्या एका टोकास चाक असते, दुसऱ्या टोकास चाती. त्यामुळे झेंड्याच्या एका बाजूने तो जसा दिसतो तसा दुसऱ्या बाजूने दिसत नाही. ध्वज मात्र दोन्ही बाजूंनी एकसारखा दिसला पाहिजे. म्हणून चरख्याचे चाक तेवढे ठेवले आणि त्यास सारनाथच्या अशोकस्तंभावरील चक्राचे रूप दिले. त्याच वेळी नेहरूंनी सभेपुढे दोन झेंडे ठेवले होते, एक रेशमी आणि एक सुती खादीचा. पुढे १४ ऑगस्टच्या मध्यरात्री देशातील स्त्रियांच्या वतीने घटना समितीस ध्वज अर्पण करण्याचा मान हंसाबेन मेहता यांना मिळाला. याच बाई नंतर बडोदे विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या.

दोन्ही बाजूंनी एकसारखा दिसावा, यासाठी ज्या ध्वजावरून चरख्यासारखे प्रिय चिन्ह खाली उतरविले, त्याच ध्वजाची बाजारातील टेबलावरची प्रतिकृती उलटून पाहावी. पुष्कळदा मागची बाजू कोरी किंवा पुसट असते! चक्र पांढऱ्या पट्ट्याच्या मध्यभागी दोन्ही बाजूंनी पूर्णपणे दिसले पाहिजे, असे ध्वजसंहिता स्पष्ट सांगते. अधिकाऱ्याच्या बाजूस चक्र आणि समोर बसलेल्या रयतेच्या बाजूस कोरे कापड, हे दृश्य काय सुचविते, ते सांगण्याची आवश्यकता आहे काय?

दुसरा प्रश्न कापडाचा, आणि तो पोटाचाही आहे. डिसेंबर २०२१ पर्यंत राष्ट्रध्वज हातकताई व हातविणीच्या कापडाचाच असावा, असा नियम होता. त्या महिन्यात संहितेत दुरुस्ती होऊन यंत्रावरचे कापड आणि पॉलिएस्टर यांसही मुभा मिळाली. घरोघरी ध्वज पोहोचावा, हा हेतू वाईट होता असे आम्ही म्हणत नाही. सन्मानपूर्वक ध्वज लावणे हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये दिला, त्याचे आम्ही स्वागतच करतो. परंतु हुबळीजवळील बेंगेरी येथे आणि नांदेडास जे हात खादीचे ध्वज घडवितात, त्यांत सूत कातणाऱ्या आणि शिवण घालणाऱ्या बायाबापड्यांचे हात किती तरी आहेत. चरखा ध्वजावरून उतरला तो रूपाच्या सोयीसाठी. कापडातून त्यास हद्दपार करावे, असे त्या सभेने कधी म्हटले नव्हते. मुभा म्हणजे आज्ञा नव्हे. खादी घ्यावयास आजही कोणाची मनाई नाही.

शिवाय स्वस्त वस्तूची किंमत मनातही स्वस्तच राहते. १६ ऑगस्टच्या सकाळी रस्त्यावरून फिरणाऱ्यास हे सांगावयास नको. आदल्या दिवशी मुलांनी हाती धरलेले चिमुकले झेंडे गटारीच्या कडेला पडलेले असतात. प्लॅस्टिकच्या झेंड्यांवर १ जुलै २०२२ पासून बंदी आहे. कागदी झेंडा समारंभात हाती घेण्यास परवानगी आहे, पण तो नंतर जमिनीवर टाकू नये, असे संहिता बजावते. फाटलेला वा विटलेला ध्वज लावू नये, तो एकांतात, शक्यतो जाळून, सन्मानाने नष्ट करावा, हाही नियमच. दोन ध्वजांच्या काठ्या एकमेकींस छेद देऊन भिंतीशी लावल्या, तर राष्ट्रध्वज पाहणाऱ्याच्या डावीकडे व त्याची काठी पुढे असावी, असाही दंडक आहे. टेबलावरही तोच पाळणे उचित होय.

तेव्हा आमचे मागणे फार मोठे नाही. प्रत्येक कचेरीने, शाळेने, ग्रामपंचायतीने व बँकेने आपल्या टेबलावरील ध्वज एकदा हाती घेऊन उजेडात धरावा. रंग विटला असेल, चक्र वाकडे असेल, मागची बाजू कोरी असेल, तर तो सन्मानाने काढावा आणि त्याच्या जागी प्रमाणित खादीचा ध्वज ठेवावा. खर्च वर्षाच्या शाईच्या खर्चाहून अधिक होणार नाही. उंच स्तंभावरच्या ध्वजास साऱ्या गावादेखत वंदन करणे सोपे आहे. कोणी पाहत नसताना टेबलावरच्या ध्वजाची धूळ झटकणारा हातच त्या वंदनाला खरेपणा देतो.