काँक्रीट तपासणारे हात टिकणार कसे?

गुरुग्राममधील एका निवासी संकुलात १० फेब्रुवारी २०२२ रोजी मनोऱ्याचा काही भाग कोसळून दोन महिलांचा मृत्यू झाला. त्यानंतर आयआयटी दिल्लीने केलेल्या तपासणीत काँक्रीटमध्ये क्लोराइड आढळल्याचे आणि त्यामुळे आतील सळ्या गंजल्याचे नोंदविण्यात आले. सळईच्या काँक्रीटसाठी वापरायच्या पाण्यात क्लोराइड प्रतिलिटर ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असू नये, अशी मर्यादा आयएस ४५६ या भारतीय मानकाने घालून दिली आहे. ती तपासण्यासाठी अवाढव्य यंत्रणा लागत नाही. लागतो तो प्रशिक्षित तंत्रज्ञ आणि आलेला आकडा आहे तसा लिहिण्याची त्याला असलेली मुभा. देशभर पूल, मेट्रो आणि महामार्गांची कामे वाढलेली असताना नेमका हाच माणूस या क्षेत्रात टिकेनासा झाला आहे.

काँक्रीटची ताकद १५० मिलिमीटरच्या क्यूबवर तपासली जाते. साच्यात सुमारे पाच सेंटिमीटरचे थर घालून प्रत्येक थर हाताने ठोकायचा असेल, तर सळईचे किमान ३५ ठोके द्यावे लागतात. दुसऱ्या दिवशी साचा उघडून क्यूब २७ अंश सेल्सिअसच्या आसपासच्या पाण्यात ठेवायचा आणि २८व्या दिवशी दाबयंत्राखाली फोडायचा. ठोके कमी पडले तर चांगले काँक्रीटही नापास होते. क्यूबसाठी निवडक माल वेगळा काढला तर वाईट काँक्रीट उत्तीर्ण होते. दाबयंत्राला या दोहोंतले काहीच कळत नाही. तीन क्यूबचे आकडे वारंवार दशांशापर्यंत जुळू लागले, की अनुभवी अभियंता काँक्रीटचे कौतुक करीत नाही, तो नोंदवही मागवतो. शिवाय निकाल हाती येईपर्यंत वरचे मजले उभे राहिलेले असतात.

असे कौशल्य अंगी मुरायला दोन-तीन वर्षे जातात आणि त्याच सुमारास तंत्रज्ञ नोकरी सोडतो. यात त्याचा दोष फारसा नाही. चाचण्यांचे काम बहुधा सर्वांत कमी दराच्या निविदेला मिळते, आणि प्रतिनमुना दर खाली आला की पहिली कात्री पगाराला लागते. महामार्गाच्या कामावरील क्षेत्रीय प्रयोगशाळा तर कंत्राटदाराचीच असते. प्रकल्प संपला की नोकरीही संपते. पदविकाधारक मग बांधकाम कंपनीच्या गुणवत्ता विभागात जातो किंवा आखाती देशांची वाट धरतो.

एनएबीएलची मान्यता प्रयोगशाळेला मिळते, व्यक्तीला नव्हे. आयएसओ १७०२५ या मानकात कर्मचाऱ्यांची पात्रता, प्रशिक्षण आणि त्यांच्या कामावरील देखरेख यांच्या अटी आहेत. परंतु कसबी माणूस निघून गेला तरी भिंतीवरील प्रमाणपत्र तेथेच राहते. अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूट क्षेत्रीय तंत्रज्ञाची लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा घेऊन त्याच्या स्वतःच्या नावे प्रमाणपत्र देते. त्याची मुदत पाच वर्षे असते आणि नोकरी बदलली तरी ते त्याच्यासोबत जाते. अशा प्रमाणपत्राची अट भारतातील सरकारी निविदांत आली, तर कसबी तंत्रज्ञाला वेगळा दर मागता येईल.

त्रयस्थ देखरेखीचा मार्गही अवलंबला जात आहे. मुंबई महापालिकेने रस्त्यांच्या काँक्रिटीकरणासाठी आयआयटी मुंबईची नेमणूक केली, हे स्वागतार्हच आहे. मात्र रात्री दोन वाजता मिक्सरमधून नमुना घेणारा प्राध्यापक नसतो, तंत्रज्ञ असतो. त्याचा पगार ज्याच्या मालाची तपासणी व्हायची त्याच्याच खिशातून येत असेल, तर नापास क्यूबची नोंद करताना त्याचा हात अडखळणार. चाचणीची रक्कम कंत्राटातून वेगळी काढून मालक संस्थेने ती थेट प्रयोगशाळेला देणे, हा यावरचा सोपा उपाय आहे. त्यासाठी नवा कायदाही लागत नाही, निविदेतील एक कलम बदलले तरी पुरे.